आकाशांतील संथा

आमच्या थोरल्या बंधूंचा नातू वैमानिकाचें शिक्षण घेत आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो चार दिवसांच्या सुटीवर घरीं आला असतां, एके सकाळीं ओसरीवर येरझारा घालीत कांहींतरी पुटपुटत असलेला आमच्या दृष्टीस पडला. प्रथम वाटलें, मुंजींत शिकविलेली संध्या यास अजून आठवते कीं काय! जवळ जाऊन ऐकतों तों इंग्रजी आंकडे. त्यांतहि ‘नाइन’च्या जागीं ‘नाइनर’, ‘थ्री’च्या जागीं ‘ट्री’ आणि ‘फाइव्ह’च्या जागीं ‘फाइफ’! आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें असल्यामुळें चुकीचा उच्चार कानीं पडला कीं आमच्या जिवास स्वस्थता नसते. ‘अरे, नीट म्हण,’ असें आम्ही म्हणालों. तो हसून म्हणाला, ‘आजोबा, आमच्यांत हेंच नीट. तुमच्यासारखें नीट म्हटलें तर माणसें मरतात.’

ज्यानें सारा जन्म मुलांचे उच्चार शुद्ध करण्यांत घालविला, त्यास हें ऐकून नवल वाटणारच. पुढें त्यानें उलगडा केला. ‘नाइन’ व ‘फाइव्ह’ हे दोन शब्द बिनतारी यंत्राच्या खरखरींत एकसारखे ऐकूं येतात, म्हणून ते मुद्दाम वेगळे करून म्हणावयाचे, असा सर्व जगांतील वैमानिकांस नियम आहे. एका अक्षराच्या फरकानें काय घडतें हें महाराष्ट्रास सांगावयास नको. ‘ध’ चा ‘मा’ होऊन शनिवारवाड्यांत काय झालें, तें आपल्याकडील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु तेथें अक्षर कोणी जाणूनबुजून फिरविलें, अशी आख्यायिका आहे. आकाशांत घडलेल्या अपघातांत अक्षर कोणींच फिरविलेलें नव्हतें. बोलणारा प्रामाणिक होता, ऐकणाराहि प्रामाणिक होता, आणि तरीहि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. हें कसें घडतें, याचा आम्हीं त्या चार दिवसांत व नंतरच्या वाचनांत जो शोध घेतला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आवाजाचा एकच धागा

आकाश आपणांस मोकळें दिसतें, पण विमानांस तें मोकळें नसतें. प्रवासी विमानानें हलावें केव्हां, धांवपट्टीवर यावें केव्हां, किती उंचीवर उडावें, कोणत्या दिशेस वळावें, हें सर्व जमिनीवर बसलेला नियंत्रक सांगतो. या दोघांनीं एकमेकांचें तोंड पाहिलेलें नसतें. त्यांच्यामध्यें धागा असतो तो केवळ आवाजाचा.

हा धागाहि एकेकट्याचा नसतो. एका विभागांतील सर्व विमानें व नियंत्रक एकाच ध्वनिलहरीवर बोलतात. वीस माणसें एका अंधाऱ्या खोलींत बसलीं आहेत आणि एका वेळीं एकानेंच बोलावयाचें आहे, अशी कल्पना करावी. बोलणाऱ्यानें कळ दाबून धरावयाची. कळ दाबलेली असेतों त्याला स्वतःला कांहीं ऐकूं येत नाहीं. दोघांनीं एकदम कळ दाबली तर दोघांचेंहि बोलणें बुडतें आणि इतरांच्या कानीं नुसती शीळ पडते. बोलणाऱ्या दोघांस मात्र आपलें बोलणें पोंचलें असेंच वाटत राहतें.

भारतयुद्धांतील द्रोणवधाचा प्रसंग वाचकांस आठवत असेल. युधिष्ठिराच्या मुखांतील पहिले शब्द द्रोणाचार्यांस ऐकूं आले. हत्तीसंबंधींचा पुढचा शब्द शंखांच्या घोषांत बुडाला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अर्धें वाक्य ऐकूं येणें हें मुळींच ऐकूं न येण्याहून घातक असतें, हें त्या कथेचें मर्म. तेंच मर्म १९७७ सालीं एका दूरच्या बेटावर पुन्हां प्रत्ययास आलें.

टेनेरिफ बेटावरील तो रविवार

अटलांटिक महासागरांत स्पेन देशाच्या ताब्यांतील कॅनरी बेटें आहेत. २७ मार्च १९७७ रोजीं, रविवारीं, त्यांपैकीं ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर बाँबचा स्फोट झाला आणि तिकडे जाणारीं विमानें शेजारच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस या लहानशा विमानतळाकडे वळविण्यांत आलीं. त्यांत दोन प्रचंड ‘बोइंग ७४७’ विमानें होतीं. एक हॉलंडच्या के. एल्. एम्. कंपनीचें, दुसरें अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचें. विमानतळ एका धांवपट्टीचा. पट्टीशेजारची वाट आश्रयास आलेल्या विमानांनीं अडलेली. त्यामुळें उड्डाणासाठीं पट्टीच्या टोंकास जावयाचें तर पट्टीवरूनच जावें लागे. दुपारनंतर धुकें उतरलें. मनोऱ्यांतील नियंत्रकास विमानें दिसेनात, विमानांस मनोरा दिसेना, आणि एका विमानास दुसरें दिसेना. जमिनीवरील विमानें दाखविणारें रडार तेथें नव्हतें. उरला तो आवाजाचा धागा.

डच विमान पट्टीच्या टोंकाशीं जाऊन उलट फिरून उभें राहिलें. अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून मागाहून येत होतें. तिसऱ्या फाट्यास डावीकडे वळून पट्टी मोकळी करा, असें त्यास सांगितलेलें होतें. तो फाटा इतक्या अडचणीचा व धुकें इतकें दाट कीं तें विमान फाटा ओलांडून पुढें आलें.

डच विमानाचे प्रमुख याकोब फेल्डहाउझेन व्हान झांटेन हे सामान्य वैमानिक नव्हते. कंपनीच्या ७४७ विमानांवरील वैमानिकांस शिकविणारे ते मुख्य शिक्षक. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचें छायाचित्र छापलें जाई. कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा जवळ येत चाललेली, धुकें वाढत चाललेलें, अशा स्थितींत त्यांनीं एकदां यंत्रांचा जोर वाढविण्यास आरंभ केला. तेव्हां दुय्यम वैमानिकानें, अजून परवानगी मिळालेली नाहीं, अशी आठवण करून दिली. ते थांबले. मग नियंत्रकानें उड्डाणानंतर कोणत्या मार्गानें जावें तें सांगितलें. ही मार्गाची परवानगी होती, उड्डाणाची नव्हे. पण तींत ‘टेक-ऑफ’ हा शब्द आलेला होता. दुय्यम वैमानिक ती परवानगी उलट म्हणून दाखवीत असतांनाच प्रमुखांनीं विमान सोडलें. दुय्यमानें घाईघाईनें शेवटीं जोडलें, ‘आतां आम्ही टेक-ऑफ्ला आहों.’

या वाक्याचा अर्थ काय? आम्ही उड्डाण करीत आहों, कीं उड्डाणाच्या जागीं उभे आहों? बोलणाऱ्याच्या मनांत पहिला अर्थ असावा. नियंत्रकानें दुसरा घेतला. त्यानें उत्तर दिलें, ‘ओके’. आणि क्षणभरानें पुढें म्हटलें, थांबा, मी सांगेन तेव्हां उड्डाण करा. त्याच क्षणीं अमेरिकन वैमानिकानेंहि काळजीनें कळ दाबून सांगितलें, आम्ही अजून पट्टीवरच आहों. दोन्ही वाक्यें एकमेकांवर आदळलीं. डच विमानांत स्पष्ट ऐकूं आला तो ‘ओके’ हा एकच शब्द, पुढें शीळ. जीं दोन वाक्यें सर्वांस वांचविणारीं होतीं, तीं दोन्हीं शंखनादांत बुडालीं.

तरीहि एक संधि उरली होती. लगेच नियंत्रकानें अमेरिकन विमानास, पट्टी मोकळी झाली कीं कळवा, असें सांगितलें व त्यानें, कळवितों, असें उत्तर दिलें. हें संभाषण डच विमानांत ऐकूं आलें. प्रमुख व दुय्यम उड्डाणांत गुंतलेले. यंत्रांवर देखरेख करणाऱ्या तिसऱ्या माणसाचे मात्र कान टंवकारले. त्यानें विचारलें, तें पॅन ॲमचें विमान अजून बाजूला झालेलें नाहीं का? प्रमुखांनीं ठासून उत्तर दिलें, ‘हो, झालें.’ तिसरा माणूस गप्प बसला. कांहीं सेकंदांनीं धुक्यांतून अमेरिकन विमान समोर आलें.

डच विमानांतील २४८ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. अमेरिकन विमानांतील ३९६ पैकीं ६१ वांचलीं. मृतांची संख्या ५८३. विमानवाहतुकीच्या इतिहासांत एका अपघातांत इतकीं माणसें त्यापूर्वीं कधीं गेलीं नव्हतीं आणि त्यानंतर आजपर्यंत गेलेलीं नाहींत.

श्लेष व भीड

काव्यांत श्लेष हा अलंकार आहे. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले कीं रसिक मान डोलावतात. आकाशांत श्लेष हा काळ आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजीं सिंगापूरहून क्वालालंपूरला जाणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू विमानास नियंत्रकानें, दोन हजार चारशें फुटांपर्यंत उतरा, या अर्थीं ‘टू फोर झीरो झीरो’ असें म्हटलें. इंग्रजींत ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’हि. वैमानिकानें समजूत करून घेतली कीं चारशें फुटांपर्यंत उतरावयाचें. त्यानें ‘फोर झीरो झीरो’ असें उलट म्हणूनहि दाखविलें, परंतु गाळलेला आंकडा नियंत्रकाच्या ध्यानीं आला नाहीं. समोर सुमारें ४३७ फूट उंचीवर टेंकडीचा उतार होता. विमानांतील चारहि माणसें मृत्यू पावलीं.

श्लेषाहून सूक्ष्म असा दुसरा शत्रु म्हणजे भीड. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबिया देशाच्या आव्हियांका कंपनीचें विमान न्यूयॉर्कवर आलें. तेथें हवा वाईट व गर्दी फार. विमानास तीन वेळां मिळून सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालीत ठेवण्यांत आलें. इंधन संपत आलें. दुय्यम वैमानिकानें नियंत्रकांस, आम्हांस प्राधान्य हवें, आमचें इंधन संपत आहे, असें सांगितलें. परंतु नियमाप्रमाणें ज्या शब्दांनीं सर्व मार्ग तत्काळ मोकळे होतात, ते ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हे शब्द त्यानें एकदांहि उच्चारले नाहींत. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर प्रमुख वैमानिकानें त्यास स्पॅनिश भाषेंत बजावलें, आपण संकटांत आहों असें त्यांना सांग. दुय्यमानें नियंत्रकास इंग्रजींत सांगितलें तें इतकेंच कीं, आम्ही पुन्हां प्रयत्न करूं, आमचें इंधन संपत आहे. प्रमुखानें विचारलें, सांगितलेंस का? त्यानें उत्तर दिलें, हो, सांगितलें. थोड्याच वेळांत चारहि यंत्रें बंद पडून विमान लाँग आयलंडवरील टेंकडीवर कोसळलें. १५८ पैकीं ७३ माणसें गेलीं.

दुय्यम वैमानिक खोटें बोलला काय? मुळींच नाहीं. आपण सांगितलें असें त्यास खरोखर वाटत होतें. न्यूयॉर्कच्या गर्दींतील नियंत्रकास मात्र तो एक सौम्य विनंति करणारा आवाज वाटला. आपल्या घरांतील नवी सून, ‘मला जरा बरें वाटत नाहीं,’ असें हळूच म्हणते व कामास लागते. संध्याकाळीं ताप चढून ती आडवी होते, तेव्हां सारे म्हणतात, ‘सांगितलें कां नाहींस?’ तिनें सांगितलेलें असतें. पण सांगणें निराळें आणि कळणें निराळें.

आपल्या देशावरहि हा घाला पडला. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळीं दिल्लीहून निघालेलें सौदी अरेबियाचें विमान व दिल्लीकडे येणारें कझाकस्तानचें विमान यांची हरियाणांतील चरखी दादरीजवळ आकाशांत टक्कर झाली व दोहोंतील मिळून ३४९ माणसें नाहींशीं झालीं. वर चढणाऱ्या विमानास १४,००० फुटांवर आणि उतरणाऱ्या विमानास १५,००० फुटांवर राहण्यास सांगितलेलें होतें. समोरून विमान येत आहे, ही सूचनाहि दिलेली होती. परंतु कझाक विमान आपली उंची सोडून खालीं आलें. त्या विमानांत नियंत्रकाशीं इंग्रजींत बोलणारा माणूस एक आणि विमान हांकणारे दुसरे. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पुढें उंचीचें यंत्रहि नव्हतें. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत कझाक विमानानें परवानगीवांचून उंची सोडली असा ठपका आला आणि इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाकडेहि बोट दाखविण्यांत आलें. दिल्लीस त्या काळीं येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांस एकच मार्ग होता. पुढें ते मार्ग वेगळे करण्यांत आले आणि टक्कर टाळणारें यंत्र विमानांत असणें सक्तीचें झालें.

जुनीच विद्या, नवी पाठशाळा

या अपघातांतून जग शिकलें, हें कबूल केलें पाहिजे. टेनेरिफनंतर असा दंडक झाला कीं ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावा. एरव्हीं ‘डिपार्चर’ म्हणावें. ‘रॉजर’ म्हणजे ‘ऐकलें’ एवढेंच, ‘होकार’ नव्हे. होकारासाठीं ‘अफर्म’ असा तोडका शब्द आहे. पूर्ण ‘अफर्मेटिव्ह’ म्हणत नाहींत, कारण आरंभ बुडाला तर त्याचें शेंपूट ‘निगेटिव्ह’सारखें ऐकूं येतें. २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय वाहतुकींतील वैमानिकांस व नियंत्रकांस इंग्रजी बोलण्याची परीक्षा लागू झाली. तिच्या सहा पायऱ्या असून निदान चौथी गांठावी लागते.

या सर्वांच्या मुळाशीं जी रीत आहे ती पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. नियंत्रकानें सांगितलेली महत्त्वाची आज्ञा वैमानिकानें जशीच्या तशी उलट म्हणावयाची, आणि ती बरोबर आली कीं नाहीं तें नियंत्रकानें कान देऊन ऐकावयाचें. ही तर संथा! गुरूनें एकदां म्हणावें, शिष्यानें उलट म्हणावें, गुरूनें स्वर व मात्रा तपासाव्या. याच रीतीनें वेद शतकानुशतकें मुखांतून मुखांत आले. क्वालालंपूरला शिष्यानें संथा चुकीची म्हटली व गुरूचें लक्ष नव्हतें, एवढेंच झालें.

परंतु नुसती संथा पुरत नाहीं. २ जानेवारी २०२४ रोजीं जपानांतील हानेदा विमानतळावर किनारारक्षक दलाच्या लहान विमानास, ‘पहिला क्रमांक’ असें म्हणून पट्टीच्या अलीकडील थांब्यापर्यंत येण्यास सांगण्यांत आलें. वैमानिकांनीं तें बरोबर उलट म्हटलें, आणि आपला क्रमांक पहिला, म्हणजे पट्टीवर जाण्यास मोकळीक, असें समजून ते पट्टीवर जाऊन उभे राहिले. पाठीमागून उतरणारें प्रवासी विमान त्यांवर आदळलें. प्रवासी विमानांतील ३७९ माणसें आगींतून सुखरूप बाहेर पडलीं. लहान विमानांतील सहांपैकीं पांच गेलीं. पाठ शुद्ध होता, अर्थ चुकला. अर्थावांचून पाठ म्हणजे नुसतें ओझें, हें यास्काचार्यांपासून सर्व शहाणे सांगत आले आहेत.

दुसरी सुधारणा याहून कठीण, कारण ती शब्दांची नसून स्वभावाची आहे. १९७९ सालीं अमेरिकेंतील नासा संस्थेनें भरविलेल्या परिषदेपासून वैमानिकांच्या शिक्षणांत नवा विषय आला. वडील वैमानिकानें धाकट्याचें कसें ऐकावें, आणि धाकट्यानें न कचरतां कसें बोलावें, हा तो विषय. टेनेरिफच्या त्या तिसऱ्या माणसास शंका आली होती. त्याची शंका खरी होती. पण समोर साक्षात् गुरु बसलेले, आणि गुरूंनीं ‘हो’ म्हटल्यावर पुन्हां विचारण्याची त्याची छाती झाली नाहीं.

आमची स्वतःची कबुली

येथपर्यंत लिहून आम्हांस थांबतां आलें असतें. परंतु हा विषय आमच्या मनास इतका कां लागला, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, मधुमेहानें आजारी आहेत. त्यांस रोज संध्याकाळीं जेवणापूर्वीं इन्सुलिनची सुई द्यावी लागते. हें काम आमच्या सूनबाईंकडे. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं घरांत पाहुणे होते, सूनबाई स्वयंपाकांत गुंतल्या होत्या, म्हणून सुई आम्हींच दिली आणि ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों. थोड्या वेळानें सूनबाई दाराशीं येऊन म्हणाल्या, ‘मामंजी, दादांची सुई झाली नाहीं ना?’ आम्हीं वर न पाहतां उत्तर दिलें, ‘हो.’

आमच्या मनांत, ‘हो, झाली.’ त्यांच्या मनांत, ‘हो, झाली नाहीं.’ त्यांनीं पुन्हां सुई दिली. तासाभरांत दादांस दरदरून घाम सुटला, हात थरथरूं लागले, बोलणें असंबद्ध होऊं लागलें. साखरेचें पाणी पाजलें, शेजारच्या डॉक्टरांस बोलाविलें, आणि ईश्वरकृपेनें प्रसंग टळला. त्या रात्रीं घरांतील प्रत्येकजण सूनबाईंस बोलला. त्या खालीं मान घालून रडत होत्या. आम्हीहि तेव्हां गप्प राहिलों. हें लिहितांना आम्हांस आजहि लाज वाटते.

पुढें कांहीं दिवसांनीं त्या एवढेंच म्हणाल्या, ‘मला त्या वेळीं शंका आली होती. पण आपण वाचीत होतां, पुन्हां कसें विचारावें?’

टेनेरिफच्या त्या विमानांतील प्रश्नहि नकाराचाच होता, आणि उत्तरहि ‘हो’ असेंच होतें. त्या प्रसंगाचा वृत्तांत आमच्या नातवानें वाचून दाखविला तेव्हां आम्हीं त्यास मध्येंच थांबविलें, आंत गेलों, आणि सूनबाईंची सर्वांदेखत क्षमा मागितली. त्या फार संकोचल्या. दादा मात्र म्हणाले, ‘बरें झालें. दोन वर्षें उशीर झाला, पण विमान उतरलें.’

तेव्हांपासून आमच्या घरांत दादांच्या खोलीच्या दाराशीं पाटी टांगलेली आहे. सुई जो देईल त्यानें वेळ लिहावयाची. शिवाय एक नियम आहे. काल संध्याकाळींहि तो पाळला गेला. सूनबाईंनीं ओसरीवर येऊन विचारलें. आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें, चष्मा काढला आणि म्हटलें, ‘दादांची सुई सात वाजतां दिली.’

‘सात वाजतां दिली,’ त्या उलट म्हणाल्या, आणि आंत गेल्या.